मूळ आधी, ठेका नंतर

साठी ओलांडलेल्या माणसाच्या जुन्या ट्रंकेतून सहसा काय निघते? लग्नातला कोट, पिवळी पडलेली पत्रे, एखादी बंद पडलेली मनगटी घड्याळाची जोडी. पण २००४ साली अमेरिकेतल्या एका वादकाच्या जुन्या टेपमधून चक्क एक अख्खा अल्बम निघाला. पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, आणखी एक निघाला. आणि २००६ मध्ये त्याच गाण्यांवर नव्या पिढीच्या मंडळींनी आपापले हात फिरवलेला तिसराही आला. वादकाचे नाव रॉय एअर्स. पहिला अल्बम आला तेव्हा त्यांचे वय चौसष्टीच्या घरात होते आणि त्यातली गाणी होती १९७६ ते १९८१ या काळात ध्वनिमुद्रित केलेली. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे ती अंधारात पडून होती.

‘व्हर्जिन युबिक्विटी’ असे त्या मालिकेचे नाव. लंडनच्या ज्या छोट्या कंपनीने ती काढली तिचे नाव बीबीई, म्हणजे ‘बेअरली ब्रेकिंग ईव्हन’. मराठीत सांगायचे तर ‘कसेबसे तोंडमिळवणीपुरते’! १९९६ साली पीटर अडार्क्वा आणि बेन जॉली या दोघांनी सुरू केलेल्या या कंपनीने एका जुन्या डिस्को गाण्यावरून हे नाव घेतले. संगीताच्या धंद्याचे इतके प्रामाणिक नाव क्वचितच कोणी ठेवले असेल.

ज्यांना रॉय एअर्स हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. १० सप्टेंबर १९४० रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा जन्म झाला. आई पियानो शिकवायची, वडील ट्रॉम्बोन वाजवायचे. पाच वर्षांचे असताना आईवडील त्यांना लायोनेल हॅम्प्टन या नामवंत जॅझ वादकाच्या मैफिलीला घेऊन गेले. कार्यक्रम संपताना हॅम्प्टनने आपल्या हातातल्या वाजवायच्या काठ्या या लहान पोराला देऊन टाकल्या. ही आठवण एअर्स आयुष्यभर सांगत. हॅम्प्टन वाजवत ते वाद्य व्हायब्राफोन. पुढे एअर्स यांनीही तेच हाती धरले.

व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य. आपल्याकडचे जलतरंग किंवा काष्ठतरंग डोळ्यांसमोर आणा. मात्र इथे प्रत्येक पट्टीखाली एक नळी असते, नळीच्या तोंडाशी मोटारीवर फिरणारी चकती असते आणि त्यामुळे स्वर हेलकावे खात येतो. पायाशी पेडल असते, त्याने स्वर लांबवता किंवा तोडता येतो. आपण हे वाद्य ऐकलेलेच नाही असे समजू नका. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत ते अनेक वर्षे वाजत आले आहे. जुन्या हिंदी गाण्यांच्या मधल्या जागांत थेंब पडल्यासारखे जे सूर येतात, ते पुष्कळदा याचेच.

एअर्स यांचा बाज जॅझ-फंकचा. जॅझमधली स्वरांची मोकळीक आणि फंकचा नाचरा ठेका, अशी ही सांगड. फंकमध्ये ड्रम आणि बेस गिटार मागे राहत नाहीत, पुढे येऊन बसतात. ठुमरीच्या शेवटी तबल्यावर लग्गी सुरू झाली की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलू लागते. फंकमध्ये ती लग्गी पहिल्यापासूनच सुरू असते, असे म्हणा ना! १९७० च्या सुमारास त्यांनी ‘युबिक्विटी’ नावाचा आपला संच उभा केला. १९७३ मध्ये ‘कॉफी’ या चित्रपटाला संगीत दिले. १९७६ मध्ये ‘एव्हरीबडी लव्ह्ज द सनशाइन’ आले आणि त्यांचे नाव जगभर झाले. १९७९ मध्ये ते नायजेरियात जाऊन फेला कुटी या तिथल्या बंडखोर गायक-वादकाबरोबर फिरले आणि १९८० मध्ये दोघांची एकत्र तबकडी निघाली. एका बाजूला फेला, दुसऱ्या बाजूला एअर्स. अशा या माणसाचे ४ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी निधन झाले.

आता प्रश्न असा, की एवढ्या नावाजलेल्या माणसाची गाणी इतकी वर्षे पडून कशी राहतात? त्या सहा वर्षांत त्यांचे दहाच्या आसपास अल्बम बाजारात आले, हे आधी लक्षात घ्या. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटे मावतात. म्हणजे एका तबकडीत सात-आठ गाणी. ज्याच्या घरात रोज भाकऱ्यांची चळत पडते, तिथे काही भाकऱ्या टोपलीत उरणारच. उरले ते वाईट होते असे मुळीच नाही. पहिल्याच अल्बममध्ये मेरी क्लेटन या गायिकेचा आवाज आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या ‘गिमी शेल्टर’मध्ये जो स्त्रीचा आवाज काळजात घुसतो, तो याच बाईंचा. असा आवाज पाव शतक टेपवर गुंडाळून पडला होता!

आणि या टेपमुळेच पुढचा खेळ शक्य झाला. त्या काळी मोठ्या स्टुडिओत दोन इंच रुंदीच्या टेपवर चोवीस वेगवेगळ्या पट्ट्या असत. एका पट्टीवर गायिका, एकीवर बेस, एकीवर व्हायब्राफोन, ड्रमला तर चार-सहा पट्ट्या. सगळ्या शेजारी शेजारी धावणार, पण एकमेकींत मिसळणार नाहीत. मग ध्वनिमुद्रक त्यांचे प्रमाण ठरवून मिश्रण करायचा आणि तेच आपल्या कानावर यायचे. घरातल्या मसाल्याच्या डब्यासारखे हे आहे. वाट्या वेगळ्या आहेत तोवर भाजी पुन्हा नव्याने करता येते. एकदा सगळे कढईत पडले की मिठाचा खडा परत काढता येत नाही.

रीमिक्स म्हणजे मुळात एवढेच, पुन्हा मिश्रण. जमैकात किंग टबीसारख्या मंडळींनी गाण्यातला आवाज काढून नुसता ठेका आणि बेस ठेवण्याचा प्रकार रूढ केला. न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी १९७० च्या दशकात नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवून दिली. तीन मिनिटांचे गाणे सहा मिनिटांचे झाले, मधे ठेक्याला मोकळे रान मिळाले. २००६ च्या अल्बमवर याच परंपरेतले लोक आहेत. त्यात पेपे ब्रॅडॉक या फ्रेंच संगीतकाराने ‘आय ॲम युवर माइंड’च्या दुसऱ्या भागाला दिलेले नवे रूप आजही आवडीने ऐकले जाते.

आपल्याकडे ‘रीमिक्स’ हा शब्द उच्चारला की घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्याला कारणही आहे. २००२ मध्ये ‘कांटा लगा’ने काय धुमाकूळ घातला ते अनेकांना आठवत असेल. मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधी’तले, लता मंगेशकरांनी गायलेले, राहुलदेव बर्मन यांचे. पण नीट पाहिले तर तो खऱ्या अर्थाने रीमिक्स नव्हताच. मूळ टेप कोणी उघडली नव्हती. नव्या गळ्याकडून गाणे पुन्हा गाऊन घेतले होते आणि खाली ठेका घातला होता. जुन्या कायद्यात अशा ‘व्हर्जन’ला सवलत होती आणि बाजाराने तिचा पुरेपूर फायदा उठवला. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला लगाम बसला. आता मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय असे रूप काढता येत नाही आणि मूळ कृतीत मनमानी बदलही करता येत नाहीत. म्हणजे आपला सगळा राग ज्या प्रकारावर होता तो वेगळा, आणि एअर्स यांच्या टेपवर झाला तो प्रकार वेगळा.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण शोधायचे तर ते ‘वीर-झारा’चे, आणि योगायोगाने तेही २००४ चेच! संगीतकार मदनमोहन १९७५ मध्ये गेले. त्यांच्या न वापरलेल्या चाली घरी पडून होत्या. मुलगा संजीव कोहली यांनी त्या यश चोप्रांपुढे ठेवल्या, जावेद अख्तर यांनी शब्द लिहिले आणि लताबाईंनी त्या गायल्या. वडिलांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी लोक त्या चाली गुणगुणू लागले. तिथे चालकर्ता उरला नव्हता, पण त्याच्या जागी विचारायला घरचे माणूस होते आणि पडद्यावर नाव मदनमोहन यांचेच लागले.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे या साऱ्या प्रकरणात मला आठवतात ते एकनाथ महाराज. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पुष्कळ पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध करून प्रत सिद्ध केली आणि वर ताकीदही दिली, की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. आता नाथ काही कमी प्रतिभेचे नव्हते. त्यांना ओवी सुचत नव्हती असे कोण म्हणेल? पण स्वतःचे सांगणे त्यांनी भागवतात मांडले, भारुडांत मांडले. ज्ञानेश्वरीत नाही. मूळ प्रत ती मूळ प्रत, आणि आपली रचना ती आपली रचना. दोन्ही करावे, पण एकाच पानावर नको.

‘व्हर्जिन युबिक्विटी’ मालिकेत मला जे आवडले ते नेमके हेच. क्रम पाहा. आधी २००४ आणि २००५ मध्ये मूळ गाणी एअर्स यांच्या नावावर जशीच्या तशी लोकांपुढे आली. लोकांनी ती ऐकली. मग २००६ मध्ये रीमिक्सचा वेगळा अल्बम निघाला, त्यावर तो रीमिक्स असल्याचे ठळकपणे लिहून. आणि हे होत असताना मूळ वादक हयात होता, त्याच्याशी व्यवहार करूनच हे घडले. कुणाला ब्रॅडॉकचे काम आवडले नाही तर त्याने मूळ लावावे. दार दोन्हीकडे उघडे आहे. हेच उलटे झाले असते, म्हणजे न ऐकलेली गाणी थेट नव्या ठेक्यासकट आली असती, तर मूळ काय होते हे कुणाला कळलेच नसते. प्रसिद्ध गाण्याचा रीमिक्स बिघडला तरी मूळ गाणे जिवंत राहते, कारण ते हजारो घरांत असते. अप्रकाशित गाण्याचे तसे नाही. तिथे पहिल्यांदा जे बाहेर येईल तेच लोकांच्या लेखी मूळ.

हा विचार लंडन-न्यूयॉर्कपुरता राहिला असता तर मी या सदरात तो मांडला नसता. पण गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. पूर्वी चोवीस पट्ट्यांची टेप असेल तरच वाट्या वेगळ्या करता येत. साध्या कॅसेटवर सगळे एकजीव असे. आता संगणक कढईतून मिठाचा खडा काढू लागला आहे! बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये आले ते असेच. जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकात घरी साध्या कॅसेटवर पियानो वाजवत गायलेले ते गाणे. १९९० च्या दशकात आवाज आणि पियानो वेगळे करता येईनात म्हणून काम अर्ध्यावर सोडावे लागले होते. नव्या तंत्राने ते साधले. आज त्याच जातीची साधने कुणाच्याही मोबाइलमध्ये असतात.

आमचा एक माजी विद्यार्थी साउंड सिस्टीमच्या व्यवसायात आहे. गणपतीत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. मागच्या वर्षी तो लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याचे आजोबा गावच्या भजनी मंडळात गायचे. त्यांची एक कॅसेट सापडली होती, कुणीतरी टेपरेकॉर्डर मधे ठेवून भरलेली. त्याने आजोबांचा आवाज त्यातून वेगळा काढला होता.

“सर, खाली नुसता एक बीट टाकतो की. मिरवणुकीत लावला तर गाव उभं राहील बघा,” तो म्हणाला.

आवाज खरोखर स्वच्छ निघाला होता. पण मी त्याला म्हटले, “अरे, अख्खी कॅसेट ऐकव आधी.” ती ऐकली. त्यात टाळ होते, एक जरा ढिली पेटी होती, मागे धरणारे सात-आठ आवाज होते. मधेच एक मूल रडत होते आणि कुणीतरी “च्या ठेवा गं” म्हणत होते. त्याने ‘साफ’ केला होता तो हा सगळा ऐवज. पेटीवाला कोण, टाळकरी कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. भजन एकट्याचे नसते. आजोबांची परवानगी घरात मिळेल, पण मागे धरणाऱ्यांची कुणाकडे मागायची?

मी त्याला सांगितले ते एवढेच, की कॅसेट आहे तशी अख्खी उतरवून ठेव. मग आज्जीला ऐकव. ठेका शेवटी. त्याने तसे केले. आज्जींनी निम्म्याहून अधिक आवाज ओळखले, नावे सांगितली, ती त्याने लिहून घेतली. त्यातले दोघे अजून आहेत. ठेक्याचे गाणेही त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “चांगलं आहे. पण हे तुझं आहे, ते त्यांचं.” मिरवणुकीत ते लावू नको, असे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि पोराने लावले नाही. त्याला वाईट वाटले, हे मला दिसत होते. त्याच्या हातात कसब आहे आणि आजोबांवर मायाही आहे. त्याने केलेले काम त्याच्याजवळ आहे, कधीतरी योग्य जागी ते वाजेलही. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क ज्या घराचा, त्या घराला तो मिळाला. मला त्याचे मोल अधिक वाटते.

मंडळी, आपला हा भाग गाण्याचा आहे. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे. इथल्या गावागावांत भजने झाली, घरांतून मैफिली झाल्या, संगीत नाटके झाली. त्यातले कंपनीने काढले ते थोडे आणि कुणीतरी हौसेने भरून ठेवले ते पुष्कळ. ते सगळे आज माळ्यावर आहे आणि टेप काही अमर नसते. १९७०-८० च्या दशकांतल्या अनेक स्टुडिओ टेपचा लेप हवेतली ओल शोषून चिकट होतो. मग ती वाजवण्याआधी मंद आचेवर कित्येक तास शेकावी लागते, तेव्हा कुठे एकदा वाजण्यापुरती ती धड होते. हे जाणकारांचे काम आहे, कृपा करून घरच्या ओव्हनमध्ये कॅसेट घालू नका! आपल्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते, फीत ताणली जाते, दाबपट्टी निखळते.

म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. कॅसेट मळलेली किंवा बुरशी धरलेली दिसली तर घाईने वाजवू नका, आधी कुणा माहीतगाराला दाखवा. वाजवायचे यंत्र स्वच्छ असू द्या. संगणकावर उतरवताना पहिली प्रत मोठ्या आकाराची, न आकसलेली ठेवा. मोबाइलवर पाठवायची छोटी प्रत नंतर करा. खोकला, रडणे, टाळ्या, चहाची हाक यांतले काही कापू नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कोण गाते आहे, साथीला कोण, कुठल्या गावी, साधारण कुठले वर्ष, हे लिहून ठेवा. आवाज यंत्र ओळखेल, नाव फक्त माणूस ओळखतो, आणि ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

एवढे झाले की मग पोरांना खुशाल ठेका घालू द्या. त्यांना अडवून काही साधणार नाही आणि अडवूही नये. एअर्स यांचेच पाहा. ‘एव्हरीबडी लव्ह्ज द सनशाइन’चे तुकडे नव्या गायकांनी शंभराहून अधिक वेळा आपल्या गाण्यांत वापरले. १९९४ मध्ये मेरी जे. ब्लाइज यांच्या ‘माय लाइफ’मधून ते एका अख्ख्या नव्या पिढीच्या कानी गेले. त्यातले कित्येक जण नंतर मूळ गाणे शोधत मागे आले आणि म्हातारपणीही एअर्स यांच्या कार्यक्रमांना तरुण गर्दी होत राहिली. नवा ठेका हे मुळाकडे येण्याचे दारही ठरू शकते. मात्र दार उघडून आत आलेल्याला घर जागेवर दिसले पाहिजे.

यंदा पाऊस सुरू होण्याआधी माळ्यावरची ती पिशवी खाली काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, हाती वही-पेन घ्या, आणि पहिली कॅसेट लावा.